गिटार धरायची कुठे?

गिटारच्या डब्याला सपाट बाजू अशी नसतेच. लांबून सपाट दिसणारी पाठ मधोमध फुगीर असते, वरची फळीही किंचित फुगवूनच बसवलेली असते आणि बगला तर वळणावळणाच्या. त्यात या बगला जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या, वरची फळी अडीच-तीन मिलिमीटरची. सुताराच्या शिकंज्यात ही वस्तू बसत नाही. सैल धरली तर पटाशीखाली सरकते, आवळून धरली तर तडकते. गिटार बनवण्याच्या पुस्तकांत लाकूड, सरस, आतल्या पट्ट्या, पडद्यांचं गणित यांवर प्रकरणंच्या प्रकरणं सापडतात. ती घडत असताना धरायची कुठे, याला त्या मानाने फार थोडी जागा मिळते. मी मात्र या कामातलं निम्मं कसब धरण्यात आहे असं मानतो, आणि म्हणून गिटार पकडण्यासाठी केलेल्या एका जिगबद्दल जरा विस्ताराने लिहितो आहे.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला कारभार पाहू लागले, आणि तेव्हापासून नागपूरकडची मराठी माणसं छत्तीसगडात येत राहिली. कुणी दफ्तरात, कुणी देवळात, पुढे कुणी रेल्वेत. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि कारखान्यात हिंदी असं माझं आयुष्य गेलं. कारखाना म्हणजे भिलाईचा. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि पुढे या भागातल्या कितीतरी घरांतल्या मुलांचे हात तिथेच तयार झाले. मी तिथल्या मशीन शॉपमध्ये होतो. लेथ, मिलिंग, शेपर, आणि उमेदीची बरीच वर्षं टूल रूम. तारेच्या वाद्यांची ओढ लहानपणापासून होतीच. नोकरी संपल्यावर मागच्या पडवीत काम मांडलं. आधी दुरुस्त्या घेतल्या, मग नव्या गिटारी करू लागलो.

टूल रूमची एक शिकवण अजून अंगात आहे. कुठलीही मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. तिला जागेवर बसवायला खालून तीन टेकू, एका बगलेला दोन आणि टोकाला एक, असे सहा टेकू पुरतात. सातवा टेकू लावला की तो पहिल्या सहांशी भांडतो आणि वस्तू डगमगायला लागते. वस्तू कुठे बसायची हे टेकू ठरवतात; शिकंज्याने तिला फक्त टेकूंना लावून ठेवायचं. जागा ठरवण्याचं आणि पकडून ठेवण्याचं काम एकाच अवयवावर टाकलं की माप बिघडतं. आमचे फोरमन नव्या पोराला जिगचं ड्रॉइंग हातात देऊन पहिला प्रश्न विचारत, यातले टेकू कुठले आणि पकड कुठली? उत्तर आलं नाही तर मशीन सुरू करू देत नसत.

लोखंडाच्या नगाला आवळणं सोसतं. बीडाचा ठोकळा कितीही पिळून धरा, त्याचा आकार डोळ्यांना कळेल इतका बदलत नाही. गिटारचा डबा पोकळ. बगलेला मधोमध अंगठ्याने दाबलं तरी ती आत जाते आणि वरची फळी तेवढी जागची हलते. अशा दाबलेल्या अवस्थेत काठ कोरला, तर शिकंजा सोडल्यावर डबा मूळ आकाराला परत येतो आणि कोरलेली खाच कुठे खोल, कुठे उथळ निघते. म्हणजे टूल रूममधला टेकूंचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो, पकडीचा नियम मात्र नव्याने बसवावा लागतो.

ही खाच म्हणजे काय ते सांगायला हवं. डबा बंद झाला की त्याच्या काठाने दीड-दोन मिलिमीटर रुंद आणि पाच-सहा मिलिमीटर खोल अशी पायरी कोरतात, आणि तिच्यात उष्णतेने वळवलेली लाकडाची पट्टी सरसाने बसवतात. ती शोभेची वाटते, पण तिचं काम वेगळंच आहे. वरच्या फळीचं कापलेलं तोंड तिच्यामुळे झाकलं जातं, आणि हवेतली ओल लाकडात सर्वांत लवकर शिरते ती त्या कापलेल्या तोंडातूनच. पायरी कोरायला मी सनमायकाच्या कडा छाटणारा ट्रिमर वापरतो. मिनिटाला ३०,००० च्या घरात फिरणारं पातं हातात असताना डबा केसभर जरी सरकला, तरी कमरेच्या वळणावर लाकडाचा तुकडाच उचलला जातो. तिथे रेषा उलट्या येतात. पाठ आणि बगला शिसवीच्या किंवा बीजाच्या असल्या तर असा तुकडा उडणं परवडत नाही. बीजा म्हणजे मधुमेहवाल्यांसाठी ज्याचे पेले करतात तेच लाकूड; छत्तीसगडच्या जंगलातलं, पण चांगली कोरडी फळी मिळायला डेपोत आणि टालांवर चपला झिजवाव्या लागतात.

बाजारात गिटारसाठी तयार शिकंजे मिळतात. परदेशी आहेत, चांगले आहेत, आणि ते सगळे उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी आहेत. नव्वद सेंटिमीटर उंचीचं टेबल, त्याला शिकंजा, समोर उभा कारागीर. मशीन शॉपमध्ये मीही जन्मभर उभाच राहिलो, तेव्हा माझाही पहिला विचार टेबलाचाच होता. तो बदलला धमतरीकडच्या एका वयस्क मिस्त्रींमुळे. घराच्या जुन्या चौकटी काढायला ते येत असत. ते जमिनीवर बसून काम करत. चौकटीचा दांडा डाव्या पायाच्या तळव्याखाली, उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दुसरं टोक, आणि दोन्ही हात रंध्याला मोकळे. मी एकदा गिटारची मान हातात घेऊन शिकंज्याच्या जबड्यात कापडाच्या घड्या सारत होतो. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भइया, एला गोड़ ले धर लेव." पायाने धरा.

त्या दिवसापासून मी त्यांचे हात पाहायचं सोडून पाय पाहू लागलो. रंधा ओढताना तळवा दाबला जातो, रंधा मागे नेताना सैल होतो, दांडा फिरवायचा असला की टाच उचलते आणि लगेच पुन्हा बसते. जेवढा जोर हातातून येतो तेवढीच पकड पायातून मिळते, त्याहून जास्त कधीच नाही. लाकूड थरथरलं तर तळव्याला आधी कळतं. कुठला लोखंडी शिकंजा हे करतो? आपल्याकडचा सुतार, लोहार, बुरूड, कुंभार, सगळे बसून काम करत आले, आणि त्यांची बैठक ही त्यांच्या हत्यारांइतकीच विचारपूर्वक घडलेली आहे. उभ्याने काम करायला शिकवणाऱ्या आयटीआयने आपल्याला खूप दिलं, मलाही दिलं. पण त्या गडबडीत पायाचं हे कसब शिकवायचं राहून गेलं, हे मला मनापासून खटकतं.

मिरजेला नातेवाइकांकडे गेलो की सतारमेकरांच्या दुकानांत माझी चक्कर असतेच. फरीदसाहेबांपासून तिथली परंपरा सांगतात. ही शिकलगारांची घराणी. हत्यारांना धार लावण्याचं काम मागे पडलं तेव्हा एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली, आणि आज मिरजेचा तंबोरा देशभर जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर भागातून येणारा भोपळा किती नाजूक असतो ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. तो वाळलेला, पोकळ, कुठेच सपाट नसलेला भोपळा तिथले कारागीर जमिनीवर कापडाच्या चुंबळीवर टेकवतात, गुडघा लावतात आणि नक्षी कोरतात. चुंबळीवर तो फक्त गोल कड्याच्या रेषेत टेकतो; तळाचा फुगवटा मधल्या पोकळीत लोंबता राहतो. मी तिथे उभ्या उभ्या वहीत फक्त एक वर्तुळ काढलं. गिटारच्या फुगीर पाठीला हवी ती बैठक हीच.

आकडे मांडून पाहिलं. पाठीला साधारण पंधरा फूट त्रिज्येची गोलाई देतात. चाळीस सेंटिमीटर रुंदीवर त्याचा फुगवटा साडेचार मिलिमीटरच्या जवळ येतो, लांबीवर त्याहून जास्त. म्हणजे सपाट फळीवर डबा ठेवला तर तो पोटावर डोलतो. तोच कड्यावर ठेवला तर काठावर बसतो, आणि काठ ही डब्यातली सर्वांत मजबूत जागा. तिथे आतून बगलेला पट्टी चिकटवलेली असते आणि पाठीची फळी आडवी असते. फळीला रुंद अंगावर दाबलं तर ती वाकते. काठाकडून, तिच्याच पातळीत दाबलं तर ती ढिम्म हलत नाही. तेव्हा दाब द्यायचा तो पाठीच्या पातळीतच, बगलेच्या मध्यावर कधीही नाही. सगळा जिग या एका वाक्यावर उभा आहे.

वरच्या फळीला तर जिगचा स्पर्शही नको. स्पेनच्या आंतोनियो दे टोरेसने १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बगला कागदाच्या लगद्याच्या होत्या; फक्त वरची फळी अस्सल लाकडाची. आवाज मुख्यतः वरची फळी देते हे त्याला दाखवायचं होतं. त्याच्या परंपरेतले स्पॅनिश कारागीर आजही गिटार एका जाड पाटावर पालथी घडवतात आणि त्या पाटात फळीच्या गोलाईसाठी उथळ खळगा कोरून ठेवतात. म्हणजे वाद्याच्या आधी त्याची बैठक घडते. माझा जिग डबा बंद झाल्यानंतरच्या कामांसाठी आहे, पण विचार तोच.

खालचा पाट सरईचा केला. छत्तीसगडचा हा राज्यवृक्ष, आपण साल म्हणतो तो. सागाहून बराच जड, आणि भनपुरीच्या टालांवर सहज मिळणारा. खिळा सरळ ठोकला तर वाकतो, आधी भोक पाडावं लागतं. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दोन इंच जाड असा तुकडा पंधरा किलोच्या आसपास भरतो. त्याचा पुढचा फूटभर भाग बसणाऱ्याकडे मोकळा येतो आणि त्यावर पाय ठेवायचा असतो, विळीचा पाट पायाखाली दाबून भाजी चिरतात तसा. बसणाऱ्याचं वजन हाच जिगचा मुख्य बोल्ट. पाय उचलला की पाट सरकवता येतो, पाय ठेवला की घट्ट.

पाटाच्या मागच्या अंगाला सव्वा इंची जीआय पाइप फ्लँजवर उभा केला आणि त्यात एक इंची पाइप घातला. या दोन मापांत दोनेक मिलिमीटर फट राहते, तिच्यात पितळी पत्र्याची गुंडाळी सारली की आतला पाइप न खडखडता वर-खाली होतो आणि फिरतोही. बाहेरच्या पाइपाला आटे पाडून दोन बोल्ट लावले, की हवी त्या उंचीला थांबतो. पस्तीस सेंटिमीटर ही सगळ्यात खालची उंची. पाटावर मांडी घालून बसणाऱ्याच्या कोपराला ती बरोबर येते. मोढ्यावर बसणाऱ्यासाठी वर घ्यायचा. माथ्याला बिजागरीसारखा सांधा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर पत्र्याची कमानदार खाच असलेली चतकोर पाती. उरला भागातल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ती गॅसने कापून आणली आणि कानसेने साफ केली. खाचेतून जाणाऱ्या बोल्टाला लांब दांडा आहे, मध्ये जुन्या टायरच्या रबराची चकती. दांडा अर्धा फेरा फिरवला की वरचा भाग सपाटीपासून पार उभ्यापर्यंत कुठल्याही कोनात थांबतो. रबराशिवाय पत्र्यावर पत्रा घसरतो; ट्रिमरच्या थरथरीने तर नक्कीच.

वरचं कडं प्लायचं. इथे मी अखंड लाकूड मुद्दाम टाळलं. रायपूरचा मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा आणि भट्टीसारखा कोरडा, तर ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. अखंड फळी या दोन टोकांत रुंदीला फुगते-आकसते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ती जागची हलत नाही. अठरा मिलिमीटरचे दोन वॉटरप्रूफ प्लाय एकमेकांवर चिकटवले, गिटारच्या आकारापेक्षा तीन बोटं मोठे कापले आणि मधला सगळा भाग काढून टाकला. राहिलं ते चुंबळीसारखं कडं.

या कड्यावर खालचे तीन टेकू: एक मानेच्या ठोकळ्याखाली, दोन डब्याच्या रुंद भागाच्या दोन्ही अंगांना. सागाच्या चकत्या, त्यावर गाड्यांच्या गॅस्केटचा तीन मिलिमीटर कॉर्क. बाकीच्या घेराला नमद्याची पट्टी. ती डब्याला जेमतेम शिवते, भार घेत नाही. हे तीनच का, असं येणारे विचारतात. गोलाईमुळे डब्याचा काठ एका पातळीत नसतो. तीन बिंदूंवर तो कसाही असला तरी बसतो, चौथ्यावर डुगडुगतो. बगलेला दोन खुंट आणि शेपटाला एक, असे उरलेले तीन टेकू. हे सहाही पक्के, त्यांच्यासाठी प्लायमध्ये भोकांचे दोन संच आहेत, एक क्लासिकल आकाराचा आणि एक मोठ्या ड्रेडनॉटचा. खुंटांची उंची टेकूच्या वर फक्त अठरा मिलिमीटर. त्यामुळे ते पाठीच्या काठालाच लागतात आणि ट्रिमरला वरची बगल पूर्ण मोकळी मिळते.

समोरून पकडायला दोन सरकते ठोकळे: एक कमरेत, एक मानेच्या टोकाला. खालून पंखी नटाने ते जवळ आणून थांबवायचे आणि मागे सागाची पाचर सारायची. पाचर हातोडीने ठोकायची नाही, अंगठ्याने रेटायची. अंगठ्यात जेवढा जोर तेवढाच दाब डब्यावर जातो. बगला तासायला जिग उभा करायचा असेल तेव्हा जुन्या पलंगाची सुती नवार कडेकडेने डब्यावरून घेऊन कड्याला बांधतो, वरच्या फळीच्या मध्याला ती लागत नाही.

खुंटांच्या तोंडाला चामडं लावलं आहे, आणि याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही. चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं घेतलं, कोल्हापुरीला लागतं तसं. रंगवलेलं चामडं लाकडावर डाग सोडतं. पण या वनस्पतीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, आणि टॅनिनला ओलसर हवेत लोखंड लागलं की निळसर काळी शाई तयार होते. शिसवीवर दिसणार नाही, पांढऱ्या स्प्रूसच्या फळीवर मात्र तो डाग कायमचा. म्हणून चामड्याजवळचे सगळे स्क्रू पितळेचे, गोलबाजारातून आणलेले. सरसाने चिकटवताना चामड्याची खडबडीत बाजू डब्याकडे ठेवली. गुळगुळीत बाजूपेक्षा ती कमी दाबात जास्त धरते.

पकड पुरेशी झाली हे कळायचं कसं? टूल रूममध्ये आम्ही फीलर गेज सारून पाहत होतो. इथे मी वर्तमानपत्राची बोटभर पट्टी वापरतो. खुंट आणि डबा यांच्यामध्ये पट्टी घालायची, पाचर सारायची, मग पट्टी ओढायची. फाटली तर दाब जास्त आहे. सहज निघाली तर कमी. अडखळत, न फाटता निघाली की थांबायचं. दुसरी तपासणी कानाची. जिगमध्ये ठेवण्याआधी डबा मोकळा धरून वरच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायची, सूर लक्षात ठेवायचा. पकडल्यावर पुन्हा टकटक. सूर चढला किंवा बसका झाला तर डब्यावर कुठेतरी ताण आहे, पाचर ढिली करायची. ही कानाची तपासणी मला कुठल्या पुस्तकातून मिळालेली नाही, ती तंबोरा जुळवणाऱ्यांकडे बघून सुचली, आणि माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावरच आहे.

पडदे ठोकताना गोष्ट उलटी होते. तिथे खालून वस्तुमान हवं. पडद्याची तार हातोडीने खाचेत बसवताना मान उसळली तर तार अर्धवट बसते आणि पुढे तिथेच खरखर येते. त्यासाठी पाइपाच्या बाजूने एक वेगळा आधार काढला आहे. त्यावर चामड्याची पिशवी, आत महानदीची बारीक रेती. चाळलेली, धुतलेली आणि लोखंडी तव्यावर भाजून पूर्ण कोरडी केलेली. मान त्या पिशवीत स्वतःची खळी करून बसते, आणि ज्या पडद्यावर घाव घालायचा त्याच्या बरोबर खाली पिशवी सरकवायची. घावाचा आवाज बदलतो त्यावरून कळतं. बसलेल्या पडद्याचा आवाज भरीव येतो.

जिग उभा राहिला तेव्हा तो पहिल्यांदा मिस्त्रींना वापरायला दिला. ते पाटावर बसले, पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग पटाशी मागितली आणि सरईच्या पाटात टाचेच्या जागी बोटभर खोल खळगा कोरून घेतला. टाच एकदा त्यात बसली की पाय सरकत नाही आणि पोटरीला ताण येत नाही. ड्रॉइंगमध्ये हे असणं शक्यच नव्हतं. नंतर त्यांनी एका दुरुस्तीच्या गिटारची पट्टी तासली. हातात काचेचा तुकडा, बगलेच्या रेषेत लांब ओढ, आणि दर वेळी ओढीबरोबर टाच दाबली जात होती. आता कडं दोन्ही हातांना मोकळं सोडतं आणि पाय आपलं जुनं काम करतो. उभ्याने काम करताना मला एका वेळी एक हात कायम गिटार सांभाळायला लागत असे, तो सुटला. खांद्याचं दुखणंही कमी झालं.

सरस लावायची कामं मी दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच करतो. तेव्हा इथली हवा ना फार कोरडी ना फार दमट. मे महिन्यात बंद केलेला डबा ऑगस्टमध्ये फुगतो आणि ऑगस्टमध्ये बंद केलेला मेमध्ये चिरतो. दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच गिटारींच्या चिरांचं मूळ यातच असतं. जिग मात्र बारा महिने मापात राहतो. उन्हाळ्यात पडदे घासणं, मान तासणं, पावसाळ्यात दुरुस्त्या, असं काम वाटून घेतलं की पडवी कधी रिकामी राहत नाही.

संध्याकाळी शिकायला येणारी मुलं आहेत. त्यांना लगेच गिटार करायची असते, आणि ते साहजिक आहे. मी त्यांना आधी हा जिग सुटा करून पुन्हा जोडायला लावतो. टेकू कुठले, पकड कुठली, हे बोट ठेवून सांगता आलं की मग पहिली फळी हातात देतो. एका मुलीला मांडी घालून बसता येत नाही, गुडघ्याचं दुखणं आहे. तिच्यासाठी पाइप पूर्ण वर घेतला आणि पाटाला आडवी फळी जोडून मोढ्यावरून पाय पोचेल अशी सोय केली. ती माझ्यापेक्षा सरळ खाच कोरते.

माझं मत स्पष्ट आहे. गिटारच काय, सतार, व्हायोलिन, दिलरुबा, जे वाद्य कुणाला करायचं असेल त्याने महागडी हत्यारं घेण्याआधी धरण्याची सोय स्वतः करावी, आणि ती स्वतःच्या बैठकीला साजेशी करावी. विकतचा शिकंजा दुसऱ्या कुणाच्या उंचीचा असतो. या जिगची मापं मी कागदावर उतरवून ठेवली आहेत आणि मागेल त्याला देतो. प्लायची जाडी, खुंटांची उंची, पाइपांचे नंबर, सगळं त्यात आहे. दोन मापं मात्र कोरी सोडली आहेत. पाटावर बसून आपल्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजा आणि टाच कुठे पडते तिथे खूण करा. ती दोन मापं ज्याची त्याने भरायची.